झाकणाआतले तीन ठिपके

प्रिय चिंगी,

तुझं पाकीट परवा पोचलं. आईने ते दारातून उचलून भाजीच्या ओल्या पिशवीखाली ठेवलं, त्यामुळे पहिल्या पानाचा कोपरा भिजलाय, पण अक्षरं शाबूत आहेत. गाडी विकणाऱ्याच्या वकिलाने ग्राहक न्यायालयात दिलेलं उत्तर मी तीन वेळा वाचलं. पहिली चार पानं म्हणजे नुसता नन्नाचा पाढा. गाडीत दोष नव्हता, असला तर विकणाऱ्याला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असला तरी तू ‘जशी आहे तशी’ या अटीखाली सही केली आहेस. पाचव्या पानावर मी आलो. तक्रारदाराचे वडील हे मोटारींना रंग देण्याच्या व्यवसायातील अनुभवी तज्ज्ञ असून त्यांनी व्यवहारापूर्वी गाडी स्वतः तपासून ती उत्तम असल्याचे सांगितले, सबब फसवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. चाळीस वर्षं रंग मारला, पण तज्ज्ञ असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते तुझ्याविरुद्ध. तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस की हे मनाला लावून घेऊ नका, मंगळवारी तारीख आहे, मी बघते.

घरी तसं ठीक आहे. आईचा गुडघा सकाळी दुखतो आणि दुपारी विसरतो. शेजारच्या मास्तरांनी फाटक रंगवून मागितलं म्हणून मागच्या आठवड्यात चार दिवस मी ते घासत बसलो होतो. तीन पिढ्यांचे रंग निघाले, हिरवा, मग तपकिरी, मग पुन्हा हिरवा. आईचं तुझ्या खटल्याबद्दलचं मत तुला ठाऊक आहेच, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण काल भाजी निवडताना ती आपणहून म्हणाली की चढलीच आहे पोरगी, तर आता अर्ध्यावरून उतरू नये म्हणावं. तिला वाटतं तू जिंकशील. जावईबापूंना वाटतं दोन्ही बाजू थकतील आणि मग काहीतरी होईल. मला काय वाटतं ते सांगायला हा कागद घेतलाय, पण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस.

तू गाडी दाखवायला आणलीस तो दिवस तुला जितका आठवत असेल त्यापेक्षा मला थोडा जास्त आठवतो. रविवार होता. विकणाऱ्याने तुला एक दिवस गाडी चालवून बघायला दिली होती आणि तू सरळ आमच्याकडे आलीस, कारण पैसे भरायच्या आधी बाबांनी हात फिरवला पाहिजे हा तुझा हट्ट. हॉर्न ऐकून आई पदराला हात पुसत बाहेर आली. नात मागच्या सीटवर उड्या मारत होती. तू सांगत होतीस, एकहाती वापरलेली गाडी आहे, डॉक्टरची होती, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, एक ओरखडा नाही. विकणारा माणूस किती सज्जन आहे, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, हेही सांगत होतीस. स्वतःच्या कमाईची तुझी पहिली मोठी खरेदी. तू इतकी बोलत होतीस की मला बोलावं लागलंच नाही. मी बॉनेटवरून हात फिरवला, दारांवरून फिरवला, वाकून उजेडात पत्रा बघितला. काम सुरेख होतं. लाट नाही, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा नाही, कडेला कुठे ओघळ नाही. मग सवयीने मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, कारण मी जिथे नोकरी केली त्या गॅरेजबद्दल मी घरी कधी फारसं बोललो नाही. तुम्हाला वाटायचं बाबा दमतात म्हणून बोलत नाहीत. तुझं कॉलेज सुरू झालं त्या सुमाराला मी जुनी जागा सोडून त्या मोठ्या शेडमध्ये लागलो. पगार चांगला होता. तिथे वर्षातून दोन-तीनदा एक वेगळं काम यायचं. एखाद्या अपघातात एका गाडीचं तोंड चेपलेलं असतं, दुसऱ्या अपघातात तशाच गाडीची पाठ. दोन्ही मधोमध कापायच्या, धड राहिलेले अर्धे घ्यायचे, पुढच्या सीटखाली वेल्डिंग करून एक करायचे आणि ज्या अर्ध्याचे कागद स्वच्छ असतील त्या कागदांवर विकायचे. आम्ही तिला जोडाची गाडी म्हणायचो. कापणारा वेगळा, जोडणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि शेवटी मी, पुट्टी आणि रंग. प्रत्येकाला वाटायचं की पाप असेल तर ते शेजारच्याचं. आमचा वेल्डर, ज्याला सगळे काड्या म्हणायचे, तो तर सांगायचा की त्याचा जोड मूळच्या पत्र्यापेक्षा पक्का. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं. पण एक सांगतो, त्यातली एकही गाडी आमच्यापैकी कुणी स्वतःच्या घरी नेली नाही, फुकट देतो म्हणाले तरी.

आता झाकणाचं. जोडाच्या गाडीत पुढचा भाग एका रंगाचा, मागचा दुसऱ्या, आणि मागच्याला पुढच्याशी तंतोतंत जुळवायचं असतं. डब्यावर लिहिलेला नंबर कधीच जुळत नाही, कारण ऊन खाल्लेला निळा आणि डब्यातला निळा ही सख्खी भावंडं असली तरी जुळी नव्हेत. म्हणून मी थोडा थोडा काळा, थोडा थोडा पांढरा घालून बघायचो आणि टाकीच्या झाकणाच्या आत, राखाडी प्रायमरवर, एकाखाली एक ठिपके द्यायचो. पहिला गडद, दुसरा फिका, तिसरा बरोबर. ते मी कधी पुसत नसे. पुढे कधी ओरखडा निघाला तर कुठल्या मापाने रंग केला होता ते तिथेच कळतं. बाकीचे रंगारी कागदाच्या तुकड्यावर ठिपके देतात आणि कागद हरवतात. माझ्या या खोडीला शेडमध्ये सगळे हसायचे. दुसऱ्या कुणाला मी ते करताना पाहिलेलं नाही.

तुझ्या गाडीच्या झाकणाआत तीन ठिपके होते.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणाला मला अभिमान वाटला. सहा वर्षं उन्हात राहूनही रंग हलला नव्हता, आणि मी स्वतः हात फिरवूनही मला शंका आली नव्हती. तो क्षण गेल्यावर जे वाटलं त्याला भीतीच म्हणावं लागेल. मी झाकण बंद केलं. तू विचारलंस, काय बाबा, कशी आहे? नात खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होती, आई दारात उभी होती. जोडाची आहे असं म्हटलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस की एवढ्यात कसं ओळखलंत, आणि मग मला तुझ्या आईसमोर, त्या पोरीसमोर, तुझ्या कॉलेजची फी कुठल्या कामातून गेली ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, उत्तम आहे, घे. तीन शब्द. तू माझ्या गळ्यात पडलीस आणि सोमवारी पैसे भरून आलीस.

त्यानंतर मी तुला रोज संध्याकाळी फोन करायला लागलो. पोचलीस का, म्हणून. तू चेष्टा करायचीस की बाबांना म्हातारपणी माया फुटली. आई म्हणायची, इतकी वर्षं पोरीला फोन लावायचा तर नंबर मला विचारायचे, आता बघा. मी मनाशी हिशेब करायचो की काड्याचा जोड आहे, वीस वर्षं हलायचा नाही. मग पावसात तुझ्या पायाखालचा गालिचा ओला व्हायला लागला आणि तू सांगितलंस की दाराचं रबर खराब असेल. मी म्हटलं, असेल. त्यानंतर मागचं दार नीट लागेना. मी म्हटलं, बिजागरीला तेल घाल. रबराचा आणि बिजागरीचा काही संबंध नव्हता, दोन अर्धे एकमेकांपासून सुटत होते, हे मला फोनवरून दिसत होतं. ऑफिसमधून परतताना उतारावरच्या वळणावर गाडी खालून फाटली आणि मागचं दार उघडून कठड्यावर आदळलं, त्या दिवशी नात सर्दीने घरी होती. एरवी येताना तू तिला शाळेतून घेतेस आणि ती त्याच दाराला रेलून बसते. सर्दीचे आभार मानणारा माणूस जगात मी एकटाच असेन. मी ते मानले आणि तरीही गप्प राहिलो, हे मला आता लिहितानाही समजत नाही. लाज वाटते एवढंच समजतं.

तुझ्या मेकॅनिकने गालिचा उचलून आडवं वेल्डिंग दाखवलं, तू फोटो काढलेस, नोटीस पाठवलीस, तक्रार केलीस. हे सगळं तू एकटीने, नोकरी सांभाळून केलंस. मला तुझं कौतुक वाटत होतं आणि दर वेळी तू फोनवर नवीन काही सांगितलंस की मी विषय बदलून नातीची चौकशी करायचो. विकणाऱ्याचं नाव मात्र मला या उत्तरातच पहिल्यांदा दिसलं. आम्ही त्याला गोडबोल्या म्हणायचो. चहा तो आम्हालाही पाजायचा. तुझ्या गाडीचे दोन अर्धे वेगवेगळ्या टेम्पोतून शेडमध्ये उतरले तेव्हा तो तिथे उभा होता. रंग जुळला का ते बघायला दोनदा आला आणि दुसऱ्या वेळी तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, हाच, हाच घ्या. डॉक्टरला ती त्यानेच विकली असणार आणि सहा वर्षांनी फिरून त्याच्याचकडे आली असणार. आता लिहून देतोय की त्याला काही ठाऊक नव्हतं, तोही बिचारा फसला.

म्हणून काल मी बसने तुझ्या शहरात आलो होतो. तुझ्याकडे न येता परत गेलो, त्याचा राग धरू नकोस. आईला बँकेत जातो सांगितलं होतं. तुझ्या वकीलबाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही, त्यांच्याविरुद्धही कुणीतरी तक्रार करायला हवी. बाई शांतपणे ऐकत होत्या. मधे एकदाच त्यांनी पंखा बंद केला, कारण मी हळू बोलत होतो. त्यांनी मला समजावलं की ‘जशी आहे तशी’ लिहून घेतलं म्हणजे जे जाणूनबुजून लपवलं तेही माफ होतं असं नाही, फक्त विकणाऱ्याला ते माहीत होतं हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारा माणूस आजवर त्यांच्याकडे नव्हता. मी सगळं सांगितलं, त्यांनी लिहिलं, मी वाचून सही केली. त्यात शेडच्या मालकाचं नाव आहे, गोडबोल्याचं आहे, माझंही आहे. पुढे पोलीस विचारायला येऊ शकतात असं त्या म्हणाल्या. येऊ देत. परत आल्यावर जेवताना आईला सांगितलं. तिने घास तसाच हातात धरला आणि विचारलं, चिंगीला सांगितलंत? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग मला कशाला आधी सांगताय? आणि ताट घेऊन उठून गेली. आज सकाळी माझ्यासमोर कागद आणि पेन तिनेच आणून ठेवलं.

तर हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. ती मी समोर येऊन मागेन, तू भेटायला तयार असलीस तर. लिहायचं कारण दुसरंच आहे. माझा कबुलीजबाब बाईंच्या खणात आहे, पण खटला तुझा आहे, तुझ्या होकाराशिवाय त्या तो दाखल करणार नाहीत. आणि त्यांनी मला तू सांगून टाइप करवलेला कागद दाखवला, मंगळवारी तू शपथेवर सही करणार आहेस तो. माझे वडील वृद्ध असून त्यांना दृष्टिदोष आहे, गाडी तपासताना त्यांना नीट दिसत नव्हते, त्यांनी मला चांगल्या हेतूने चुकीचा सल्ला दिला. मला सांभाळायला लिहिलंस ना? त्याहून वाईट म्हणजे, तुला ते खरंच वाटतं. चिंगी, त्यावर सही करू नकोस. माझी नजर चांगली होती. मला सगळं दिसलं होतं.

तुझाच,
बाबा