नाव घ्यायचं नाही

५ फेब्रुवारी, रविवार

आज यांनी आमच्या घरातल्या प्रार्थनेत समोरच्या पहिलवानाचं नाव घेतलं. "गल्लीत येशूबिशू चालणार नाही" म्हणून ज्याने भररस्त्यात यांचा हात मोडला, त्याचं! रीत मलाही ठाऊक आहे — शेवटी ज्याने त्याने एक नाव मोठ्याने घ्यायचं, कारण सांगायचं नाही, सगळ्यांनी "प्रभू, सांभाळ" म्हणायचं. पण माणसाला काही ताळतंत्र? मंडळी एकमेकांकडे बघत "सांभाळ" म्हणाली. मी ओठ घट्ट मिटून बसले. अंगाची नुसती लाहीलाही.

मागाहून कडाडून भांडले. "प्लंबरचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि तुम्ही त्याला सांभाळ म्हणता?" तर म्हणतात, "त्याची पोरगी आजारी आहे गं. ताप हटत नाही." आणि जेवताना त्या पोरीचंही नाव घेतलं!

सासूबाई म्हणाल्या, "हा लहानपणापासून असाच. कुत्रा चावला तर कुत्र्यालाच विचारायचा, दात दुखले का रे?" हसू आलं. राग मात्र गेला नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

शिवायला टाकलेले कपडे तिघीजणी परत घेऊन गेल्या. एकीच्या झग्याला अजून बाह्यासुद्धा नव्हत्या! विचारलं तर नजर चोरतात. शेवटी दूधवाल्याने सांगितलं. नावं भिंतीपलीकडे ऐकू गेली म्हणे. आम्ही दारं लावून ज्याचं नाव घेतो त्याच्या घरात आजार शिरतो, असा गल्लीभर बोभाटा. करणी! साधं झुरळ मारायला मी सासूबाईंना हाक मारते, आणि मी करणी करणार!

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पोरीला दवाखान्यातून घरी आणलं. पहिलवानाने तिला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. माझ्याकडे बघून थुंकला.

१२ फेब्रुवारी, रविवार

पाळकबुवा म्हणाले, "आज नावं मनातल्या मनात घेऊ." हे म्हणाले, "लपवलं तर संशय वाढेल. आपण काय मागतो ते ऐकू दे त्यांना." आणि डाव्या हाताने दारं-खिडक्या सताड उघडल्या! बाहेर ही गर्दी. यांनी पोरीचं नाव घेतलं, मग तिच्या बापाचं. "प्रभू, या लेकराचा ताप उतरव." सगळे चिडीचूप. वाटलं, कळलं या लोकांना! आता तरी कळलं!

तेवढ्यात पहिलवान ओरडला, "माझ्या पोरीचं नाव तोंडात घ्यायचं नाही!" आणि सगळे घुसलेच आत. माझं शिलाई मशीन उचलून रस्त्यावर आपटलं. पोलीस आले आणि करणीच्या तक्रारीवरून यांना घेऊन गेले. यांनाच! मशीन फोडणारे घरी जेवायला गेले.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

चौकीत गेले. साहेब माणूस वाईट नाही, पण कंटाळलेला. "बाई, माझ्या डोक्याशी भुणभुण नको. बाहेरचं कोणी घरात येणार नाही, कोणाचं नाव घेतलं जाणार नाही — एवढा शब्द द्या आणि न्या यांना. पुन्हा तक्रार आली तर मी सोडवू शकणार नाही."

कोठडीत हे भिंतीला टेकून बसले होते. हात सुजून प्लास्टर रुतलेलं, बोटं काळीनिळी. माझ्याकडे बघून मानेनेच नको म्हणत होते.

मी शब्द दिला. दिला तर दिला! माझा नवरा आहे. बोटं गेली असती त्याची.

दवाखान्यात प्लास्टर कापून घेतलं आणि घरी आलो. रस्ताभर हे एक अक्षर बोलले नाहीत.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

अजून अबोला. पाणी विचारलं तरी "हं".

१९ फेब्रुवारी, रविवार

आज आम्ही तिघंच. दार बंद. नावांची वेळ आली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने "आमेन" म्हणाले आणि उठले. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. रडले.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलवानाची पोरगी आज पहाटे गेली.

दुपारी तिची आई मागच्या दाराशी उभी. अनवाणी. म्हणाली, "परवा मी खिडकीशी कान देऊन बसले होते. आवाजच आला नाही. घेतलं नाहीत का हो तिचं नाव?"

काय सांगू? "नाही," म्हणाले. ती दारातच खाली बसली. तिला उठवून पुढच्या खोलीत आणलं. दार उघडलं. इतकी वर्षं समोरासमोर राहतो, आज पहिल्यांदा विचारलं, "तुमचं नाव काय?" तिने सांगितलं. मी ते मोठ्याने घेतलं. गल्लीतून कोणीतरी चौकीकडे पळालं. मी पुन्हा घेतलं.