मामांच्या मधाचा आकडा

ती. मामांस, प्रयोगशाळेतल्या भाच्याचा कंबर धरून नमस्कार (साष्टांग घातला असता, पण परत उठवायला इथे कुणी नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आम्ही मजेत.

लिहिण्याचं कारण तुमचा मध. आमचा मास स्पेक्ट्रोमीटर कार्बनच्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण मोजतो. उसात ते एक असतं, फुलांच्या रसात बहुतेक वेळा दुसरं, त्यामुळे मधातली साखर पकडता येते. पण यंत्राला नुसतं 'किती' विचारून भागत नाही. शेजारी आकडा पक्का ठाऊक असलेला प्रमाण नमुना ठेवायचा, मग ते त्याच्याहून किती कमी-जास्त एवढंच सांगतं (मुलांची उंची थोरल्याच्या पाठीला पाठ लावून बघतात, तसं). असले नमुने बाहेरून चिमूटभर येतात आणि साहेब ते कुलपात ठेवतात. रोजच्या कामाला त्यांच्यावरून पारखलेला घरचा नमुना लागतो. मधाचा संपला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्या मामांच्या मधाहून शुद्ध काही मिळायचं नाही, साहेब."

तुमचा मध आणि शेजारी उसाच्या साखरेची कुपी लावून पारखायला बसलो. तुमच्या मधाचा आकडा आला तो थेट उसाच्या साखरेचा! साहेब भडकले, "अरे, साखरेचीच कुपी दोनदा लावलीस!" मी नळ्या धुतल्या, दुसरी बरणी फोडली. पुन्हा तेच. मग यंत्रच बिघडलंय असं ठासून सांगून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र उघडलं, मिटलं, चहा घेतला आणि म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. मामांचं बघा."

जेवण गेलं नाही हो. लहानपणापासून मी माणसं तुमच्यावरून पारखत आलो. शेवटी मामींना फोन केला. त्या सहज म्हणाल्या, "यंदा फुलं कुठायत? हे रोज पेट्यांजवळ पातेलंभर पाक ठेवतात. माश्यांना उपाशी मारायचं का?" मला इतकं हायसं वाटलं! म्हणजे साखर तुम्ही बरणीत नाही, माश्यांच्या पोटात घातलीत. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "माणूस चांगला आहे. मध नाही."

तेव्हा बरणीवरचं 'निव्वळ फुलांचा' एवढं खोडावं, ही विनंती. राग नसावा.

तुमचा (अजून असेन तर) लाडका भाचा

ता. क. साहेबांचे सासरेही मध काढतात. साहेबांनी तो गुपचूप तपासला, आकडा तुमच्याइतकाच आला. सासऱ्यांना सांगायचं कसं ते सुचेना, म्हणून आधी मी तुम्हाला लिहून बघायचं ठरलं. तुम्ही कितपत चिडलात ते कळवा. बेताने चिडला असाल, तर हेच पत्र 'मामा' खोडून तिकडे जाणार आहे.

आणखी एक. खूप चिडला असलात तरी उत्तर गोड लिहा. सासरे चिडलेले मला बघायचेत.