सॅडचा जुना अर्थ

तीर्थरूप बाबा,

तुमच्या धाकटीचा वाकून नमस्कार. माझं उत्तम चाललंय, काळजी नसावी. तुमचा गुडघा काय म्हणतो?

इथल्या वृद्धाश्रमात एका आजोबांना मी रोज दुपारी भरवते. निवृत्त मास्तर, तुमच्यासारखेच शब्दवेडे आणि तितकेच खवचट. काल चौथ्या घासाला चमचा ढकलून म्हणाले, "आय ॲम सॅड." मी घाबरून विचारलं, "का हो, काय झालं?"

तर हसत सुटले. "अगं, हजार वर्षांपूर्वी सॅड म्हणजे पोट भरलेला! मग भरलेला तो जड झाला, जड तो गंभीर, आणि गंभीर तो दुःखी. आता सगळे शेवटचाच अर्थ धरून बसलेत."

तुमची फार आठवण आली. शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय तुम्ही आम्हाला ताटावरून उठू द्यायचा नाहीत.

आईने पत्रात तिसऱ्यांदा विचारलंय, पोटभर जेवतेस ना? जेवते. समोर कोणी बसलेलं नसतं, एवढंच.

तिला सांगा, पोरगी तिकडे अगदी सॅड आहे. अर्थ मात्र जुनाच सांगा.

तुमची,
शेंडेफळ