शीळस

पांडेसरा, सुरत
११ मार्च १९९७

ती. सरलाआक्का,

सुकलालचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे उषा आणि पोरं मजेत. लूमचा धंदा बरा चाललाय. तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून लिहितो. पत्राला मध्येच गप्प करता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

मला आताशा एक नवा नाद लागलाय. स्वतःच्याच पोटावर प्रयोग. वर्षभरापासून अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, खाजवून जीव नकोसा व्हायचा. गोळी घेतली की दिवसभर पेंग, आणि पेंगणाऱ्याला लूमचा आवाज कळत नाही. शेवटी गल्लीतल्या भाईदास वैद्यांकडे गेलो. त्यांनी पाठ बघितली आणि म्हणाले, "शीळस छे, सुकलालभाई."

माझे कान तुला माहीत आहेत. शेडच्या दारातून सांगतो, कुठल्या लूमवर धागा तुटला. पण त्या दिवशी कान खानदेशातच राहिले. मी ऐकलं, 'शिळं'. म्हटलं, बरोबर, शिळं खाऊनच होतंय! घरी येऊन उषाला सांगितलं, आजपासून तव्यावरून थेट ताटात. ती म्हणाली, "आणि रात्रीच्या भाकरीचा कुस्करा काय वैद्यांना पाठवू?"

पण आक्का, गांधी निम्म्यावर आल्या. पेढे घेऊन वैद्यांकडे गेलो, तर म्हातारा हसून हसून लाल. "अरे भाई, शीळस तो रोगनुं नाम छे! शीळस म्हणजे या गांधीच, शिळ्याला आमच्यात वासी म्हणतात." मग डोळे पुसून म्हणाले, "पण गुण आला ना? मग पुढे शोध."

शेडमधली खटखट बिघडली की मी सगळे लूम बंद करतो आणि एकेक चालू करून ऐकतो. जेवणाचंही तसंच केलं. आधी चहा बंद. डोकं असं ठणकलं की विनाकारण उषाशी भांडलो. मार्केटात दलाल म्हणे, "चाय नहीं पीते, नाराज हो क्या सेठ?" मग कपात गरम पाणी घ्यायला लागलो आणि बशीतून फुर्र करत पिऊ लागलो. कुणाला पत्ता नाही! खाज उतरली. जेवणानंतर एक कप घेऊन पाहिला, चालला. उपाशीपोटी घेतला, तर मान लालभडक. मग लोणचं, ताक, आंबवलेलं खमण, एकेक लावून पाहिलं. टमाट्याने ओठ चुरचुरतात. वांगं ताजं असेल तर थोडं चालतं, पण

इथे पेन थांबलं. उठून पाणी पिऊन आलो.

मागल्या हिवाळ्यात तुझ्याकडे येताना माझी एस.टी. बंद पडली आणि संध्याकाळी यायचा तो मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. तू भरीत झाकून ठेवलं होतंस. तुझ्या लेकाला, गोपाललाही हात लावू दिला नव्हतास. दोन घास खाल्ले आणि घसा आतून आवळायला लागला. ताट तसंच सोडून उठलो, समोर आली त्या गाडीत बसलो. मागून तू म्हणालीस ते ऐकलं. "आते तू सेठ व्हई गया, बहीननं तुले गयाखाल उतरत नही."

खरंच गळ्याखाली उतरत नव्हतं गं. श्वासही येत नव्हता. मेलो तर तुझ्या दारात नको, एवढंच डोक्यात होतं. धुळ्याला दवाखान्यात सुई घेतली तेव्हा बोलता आलं. हे उषालाही ठाऊक नाही.

मग तुला का नाही सांगितलं? बहिणीच्या घरी जेवायचं आणि शिळं होतं म्हणायचं, ते कुठल्या तोंडाने? त्यापेक्षा सेठ म्हणवून घेतलेलं बरं वाटलं.

पण परवा माझ्याकडे काम करणारा आपल्या गावचा लखन सांगत होता, आखाजीच्या मुहूर्तावर धनश्रीचं लग्न ठरलं, आणि तू म्हणालीस की मामाच्या जागी दुसऱ्याला उभं करू.

आक्का, तू मला शिळं नाही वाढलंस. राखून ठेवलेलं वाढलंस. हा फरक माझ्या अंगाला कळत नाही, मला कळतो.

मी येणार. पंगतीत नाही बसणार, चुलीजवळ बसेन. तव्यावरची भाकरी आणि मीठ दे. अंतरपाट धरतील तेव्हा पोरीच्या मागे मला उभं राहू दे. नाही म्हणायचं असेल तर निरोप पाठवू नकोस. दाराशी येईन तेव्हा तोंडावर म्हण.

तुझ्या हातचं खायला घाबरणारा, पण तुझाच,
सुक्या