सातव्या 'जर'च्या पोटात

३ मार्च, जळगाव
सुभाष धुळ्याच्या नोकरीवर गेला आणि ठिबक सिंचनाच्या मशीनचा त्याचा कोड माझ्या गळ्यात. एक व्हॉल्व्ह उघडायला सात 'जर', एकाच्या पोटात दुसरा. प्रत्येक 'जर'ला ओळ आणखी आत सरकते, वाचता वाचता मानही उजवीकडे. नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर बसून हा माणूस हे करत होता. आणि याला आम्ही सीनियर म्हणायचो!

५ मार्च
सगळं सपाट केलं. नकार आधी. विहिरीत पाणी नाही? परत जा. मोटर बंद? परत जा. शेवटी एकच सरळ ओळ: व्हॉल्व्ह उघड. कुणीही वाचावं. सातव्या 'जर'मध्ये 'उरलेला तुकडा' असलं काहीतरी, ना शेंडा ना बुडखा. उडवलं. सु.ला विचारायचं म्हणजे... नाही विचारलं.
टेस्ट पास. साहेब : "आता माणसाने लिहिल्यासारखं वाटतं." बरं वाटलं, लपवत नाही.

११ मार्च
एरंडोलहून आमचे गिऱ्हाईक झिपरूनाना, फोनवर. "भाऊ, बठ्ठा बाग हिरवा शे, चौथा तुकडाच सुकेल शे. तुमनं मशीन मनावर रुसनं का?" केळी ऐन निसवणीत, घड बाहेर पडायची वेळ. साहेबांनी लगेच निकाल दिला : "सुभाषचा जुना घोळ." उद्या स्वतः एरंडोलला जातो.

१२ मार्च, एरंडोल
बांधावर बसून पाहिलं. मशीन एकेका तुकड्याला पाळीने पाणी देतं; तिसऱ्यावर लाइट गेली. आली तेव्हा मशीन पुन्हा पहिल्यापासून. रोज हेच, चौथ्याची पाळीच नाही. म्हणजे सातवा 'जर' यासाठी होता : लाइट आली की उरलेल्यापासून सुरू. आमच्या ऑफिसात इन्व्हर्टर. माझ्या टेस्टमध्ये लाइट गेलीच नाही.
नानांनी हाताने व्हॉल्व्ह उघडला. "शिकेल मानसं तुमी. लाइट जास, हाई तुमले माहीत नही?"
बोदवडला शेतातच वाढलो मी. थू.

१३ मार्च
सु.ला फोन. हसला. "सातवा उडवलास ना? कशासाठी आहे ते वर एका ओळीत लिहायला हवं होतं रे मी." त्याचा कोड घाणच होता, मी अजूनही म्हणतो. पण लाइट त्याला आठवली होती.
सपाट कोडात ते एका ओळीत बसलं. दहा मिनिटं. नानांकडे चालू झालं. त्या तुकड्यातले घड आता भरतील की नाही, नाना सांगत नाहीत.
साहेबांचं पत्र टेबलावर, सगळ्या गिऱ्हाइकांना जायचंय : 'जुन्या कोडमधील चूक दुरुस्त केली आहे.' खाली सही माझी हवी. धुळ्यातही आमची गिऱ्हाइकं आहेत, सु.ला तिथेच तोंड दाखवायचंय.
'जुन्या' खोडलं. त्याच्या वर 'माझ्या' अजून लिहिलेलं नाही. साहेब उद्या दहाला येतात.