लग्नातला चमचा आणि माझी हाडं

लंडन, ऑक्टोबर १८४५

प्रिय अँब्रोज,

आमच्या लग्नात तू दिलेला चांदीचा चमचा घरातून गेला. चोरीला नाही. डॉक्टर लाइलनी त्यात माझी लघवी घेऊन मेणबत्तीवर धरली. डॉर्कसने तो चिमट्याने उचलून त्यांच्या बॅगेत टाकला आणि म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडेच. चहाला मात्र काढू नका." तुझी बहीण तशी शांत आहे, भांड्यांच्या बाबतीत नाही.

माझं पाठीचं दुखणं तुला ठाऊक आहेच. उन्हाळ्यात नुसत्या खोकल्याने माझी बरगडी मोडली, तेव्हा तू मिठाईच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणालास, "जोसाया, कढई उचलायचा कंटाळा आला की माणसाची हाडंसुद्धा हुशार होतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्यानेही दुखलं.

तर, लाइलनी चमचा जरा तापवला आणि लघवी दुधासारखी फाटली. रोगाचा माग लागला म्हणून ते खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या डॉक्टर ग्रिमस्टनना आणलं. त्यांनी तीच चांगली खळखळ उकळवली, तर पाण्यासारखी स्वच्छ. "लाइल, चष्मा करून घ्या," ते म्हणाले. "साहेब, काल मी डोळ्यांनी पाहिलंय," लाइल म्हणाले. माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघे असे जुंपले की माझी नाडी बघायची राहूनच गेली.

मी तीस वर्षं साखरेचा पाक करतोय. भांडं उतरवलं की पाक झाला, असं फक्त नवशिक्याला वाटतं. मी म्हटलं, "साहेब, भांडायचं तर भांडा, पण तेवढं निवू द्या." दोघे चमच्यावर वाकले. चमचा निवत गेला आणि आतलं पुन्हा फाटलं. कोमट केलं की गढूळ, उकळलं की स्वच्छ, निवलं की परत गढूळ. पाच वेळा केलं. शेवटी ग्रिमस्टन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत असलं काही पाहिलं नाही." लाइलनी चष्म्याचा विषय काढला नाही, मुलगा सभ्य आहे.

तेव्हापासून रोज कोणी ना कोणी डॉक्टर बाटली घेऊन दारात उभा असतो. माझ्या लिंबाच्या गोळ्यांना कधी एवढं गिऱ्हाईक नव्हतं. लाइलना वाटतं, हा पदार्थ माझ्या हाडांच्या आतल्या मगजातून येतो. पण हाड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते जिवंत माणसाचं पाहता येत नाही.

म्हणूनच हे पत्र. मी विचारलं, तेव्हा लाइलनी खरं ते सांगितलं: नाताळ मला दिसायचा नाही. माझ्यानंतर त्यांनी हाडं पाहावीत, असं मी कबूल केलंय. डॉर्कस ऐकत नाही. तिला मी अख्खा पुरायला हवा. तुझं ती ऐकते. तिला फसवू नकोस, समजावून सांग, आणि त्या दिवशी दोन तास तुझ्या घरी ने. तिला तिथे बसवून तू मात्र परत ये आणि लाइलच्या शेजारी उभा राहून स्वतः बघ. हाडं धडधाकट निघाली, तर मी कामचुकार होतो असं खुशाल सांग. नाही निघाली, तर तेही दुकानात जाऊन सांग. शनिवारी संध्याकाळी जा. तेव्हा सगळे असतात.

तुझाच,
जोसाया