अंगठ्याची पट्टी

कर्जत, मंगळवार, ९ जून

आज आईचा दहावा केला. टेम्पोच्या दारात सापडून माझ्या उजव्या अंगठ्याचा टोकाचा सांधा मोडलाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटांना मधला सांधा सांभाळून घेतो, अंगठ्याला तो नसतोच. पट्टी काढू नका. पण आईला पाणी अंगठ्यावरूनच सोडायचं होतं.

"माझी करंगळी मोडली हुती, चार दिसांत पट्टी फेकली. काढ की रं!" मामा म्हणाले. मग पिंडासमोरच सगळे आपापली मोडकी बोटं दाखवून हसायला लागले. किळस आली. कुठे करंगळी, कुठे अंगठा! आणि जास्त किळस माझीच, कारण मी निमूट पट्टी काढली. अंगठा लोंबला, पाणी भलतीकडेच सांडलं. आईला पोचलं असेल?

सगळे गेल्यावर डाव्या हाताने भात कालवून जेवलो.